आधी गप्प बसणारा

जोडप्यांच्या समुपदेशकाकडे पहिला फोन बहुधा बायकोचाच येतो. "हे यायला तयार नाहीत. मी एकटी आले तर चालेल का?" पुढच्या पंधरा-वीस बैठकांचा नकाशा या दोन वाक्यांत असतो. एक माणूस दार ठोठावतोय, दुसरा दाराआड बसलाय. ठोठावणारी रडते, बोलते, तारखांसकट सांगते. तिची कड घेणं समुपदेशकाला सोपं जातं. काम मात्र दाराआडच्या माणसापासून सुरू करावं लागतं. तो क्रम चुकला की बरं चाललेलं समुपदेशन सातव्या-आठव्या बैठकीत कोसळतं आणि जोडपं 'हेही करून पाहिलं' म्हणत घरी जातं.

भूमिका उलट्याही असतात. पाठीस लागणारा तो आणि तोंडाला कुलूप लावणारी ती, अशी जोडपीही येतात. खाली सोयीसाठी ती बोलणारी आणि तो गप्प असं धरलं आहे.

इथे वर्णन आहे ते जोडप्यांसाठीच्या, भावनांवर भर देणाऱ्या इमोशनली फोकस्ड थेरपी या पद्धतीचं. कॅनडात व्हँकुव्हरला, युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियामध्ये लेस ग्रीनबर्ग आणि त्यांची विद्यार्थिनी स्यू जॉन्सन यांनी १९८० च्या दशकात ती बांधली. १९८५ साली तिचा पहिला तुलनात्मक अभ्यास छापून आला. जॉन्सन पुढे ओटावाला गेल्या, २०२४ मध्ये वारल्या. पद्धतीच्या पायाशी आहे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचा सिद्धांत: माणसाला जवळच्या माणसाची गरज अन्नासारखी असते, आणि ती बालपणी संपत नाही. या बंधाला मराठी पाठ्यपुस्तकांत कुठे 'आसक्ती' म्हणतात, कुठे 'अनुबंध'. आसक्तीला वैराग्याच्या प्रवचनाचा वास येतो, अनुबंधाला कोर्टाच्या कागदाचा. घरातला शब्द आहे 'लळा'. तो आपण लेकरांसाठी आणि मांजरांसाठी राखून ठेवलाय एवढंच.

पहिल्या एक-दोन भेटी दोघांच्या एकत्र, मग प्रत्येकाची एकेक स्वतंत्र, मग पुन्हा एकत्र. खुर्च्या समोरासमोर मांडायच्या नाहीत. काटकोनात मांडायच्या, म्हणजे गुडघे वळवले की एकमेकांकडे तोंड होतं आणि नको असेल तेव्हा भिंतीकडे बघता येतं. मध्ये टेबल नको. बैठक ५० मिनिटांपेक्षा ७५ मिनिटांची बरी, कारण पहिली वीस मिनिटं आठवड्याच्या ताज्या भांडणातच जातात. शेवटच्या दहा मिनिटांत खोलातलं काहीही उघडायचं नाही. तसं उघडलं तर उरलेलं भांडण रिक्षात होतं.

स्वतंत्र भेटीत चार गोष्टी थेट विचारायच्या असतात: मारहाण किंवा भीती, बाहेरचं चालू असलेलं नातं, व्यसन, आणि 'मनातून निर्णय झालाय का'. मारहाणीबद्दल 'तुम्हाला मारतात का?' असं विचारलं तर उत्तर 'नाही हो' असंच येतं. म्हणून बारकाईने विचारायचं. भांडणात वाट अडवली जाते का? वस्तू फेकल्या जातात का? फोन किंवा पगार काढून घेतला जातो का? घरी जायची भीती वाटते का? उत्तर होकारार्थी आलं तर जोडीने समुपदेशन थांबवायचं. खोलीत उघडलेलं दुखणं घरी गेल्यावर तिच्याच विरुद्ध वापरलं जातं, आणि या पद्धतीचा सगळा भर तर मन उघडण्यावर आहे. तिथे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालची संरक्षण अधिकाऱ्याची वाट आणि १८१ ही महिला हेल्पलाइन सांगायची. बाहेरचं नातं चालू असेल तरीही हे काम होत नाही. त्यासाठी पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं असतं की स्वतंत्र भेटीत कळलेलं नात्याशी संबंधित गुपित समुपदेशक सांभाळत बसणार नाही. हे आधी सांगितलं नसेल तर समुपदेशक नकळत फसवणुकीत भागीदार होतो.

सुरुवातीलाच नात्यातलं समाधान मोजणारी एक प्रश्नावलीही भरून घेतात. संशोधक ग्रॅहम स्पॅनियर यांची १९७६ ची, ३२ प्रश्नांची, गुण ० ते १५१. साधारण ९७ च्या खाली गुण आले की नातं अडचणीत आहे असं धरतात. तिचा खरा उपयोग आकड्यापेक्षा फरकात आहे. बायकोचे ७२ आणि नवऱ्याचे ११०, असं चित्र दिसलं की नवरा 'सगळं ठीकच आहे' म्हणणाऱ्यांतला आहे हे कळतं. तो खोटं बोलत नसतो. त्याने बघणं थांबवलेलं असतं.

मोबाइलवरच्या 'तुमचा लळा कोणत्या प्रकारचा' छापाच्या चाचण्यांबद्दल एवढंच सांगतो. हल्ली जोडपी लेबलं लावूनच येतात: 'मी अँक्शस, हा अव्हॉयडंट', म्हणजे मी धास्तावणारी, हा जवळीक टाळणारा. संशोधनात वापरली जाणारी १९९८ ची मूळ प्रश्नावली ३६ वाक्यांची आहे. त्यातली १८ वाक्यं सोडून जाण्याच्या धास्तीबद्दल, १८ जवळिकीच्या अवघडलेपणाबद्दल, आणि प्रत्येकाला १ ते ७ गुण. त्यात माणसांचे कप्पे पडत नाहीत. दोन पट्ट्यांवर माणूस कुठे उभा आहे एवढंच कळतं, आणि तोच माणूस बहिणीजवळ एका जागी आणि बायकोजवळ दुसऱ्या जागी उभा असू शकतो. लेबल भांडणात फेकायला सोपं असतं. यापलीकडे त्याचा फारसा उपयोग पाहण्यात नाही.

आता खरं काम. एक नेहमीचं भांडण घेऊ.

रात्रीचे साडेनऊ. तो दारात, ती ओट्याशी. "आजपण उशीर?" "लोकल लेट होत्या." "फोन करता येत नाही?" "बॅटरी नव्हती." "नेहमीचंच आहे." तो मोबाइल चार्जिंगला लावून बाथरूममध्ये जातो. कुकरचं झाकण आपटतं. जेवताना टीव्ही. पुढचे दोन दिवस 'गॅस बुक केला का' एवढंच बोलणं.

ही चाळीस सेकंदं समुपदेशनात चाळीस मिनिटं चालतात. प्रत्येकाच्या भावनेचे पाच तुकडे वेगळे काढायचे असतात: कशाने पेटलं, पहिल्या क्षणी काय भासलं, शरीरात काय झालं, त्याचा अर्थ काय लावला, आणि त्यापुढे हातापायांनी काय केलं. त्याच्या बाबतीत पेटवणारा शब्द असतो 'आजपण' मधला 'पण'. पहिला भास, 'झालं सुरू'. पोटात गोळा, खांदे ताठ. अर्थ, 'मी काहीही केलं तरी हिला पुरत नाही, मी नापासच'. आणि कृती, बाथरूम. तिच्या बाबतीत पेटतं त्याच्या नजरेने. दारातून आत येताना ती नजर आधी चार्जरकडे गेली. छातीत धस्स. अर्थ, 'मी असले काय, नसले काय'. कृती, आवाज चढतो. तिचा चढलेला आवाज त्याला पेटवतो आणि त्याचं आत निघून जाणं तिला पेटवतं. हे चक्र कागदावर काढून दोघांच्या मध्ये ठेवलं की खोलीत पहिल्यांदा शांतता होते. चक्राला जोडप्याने स्वतःचं नाव द्यायचं. 'साडेनऊची लोकल', 'कुकर', काहीही. नाव समुपदेशकाने दिलं तर टिकत नाही.

इथे मराठीची एक अडचण आहे आणि एक मोठी सोयही. अडचण अशी की 'वाटणं' हे क्रियापद मताला आणि भावनेला एकच आहे. 'तेव्हा तुम्हाला काय वाटलं?' असं विचारलं की उत्तर येतं, 'मला वाटलं की ही मुद्दाम करते.' हे मत झालं. म्हणून 'आत काय झालं?' किंवा 'अंगात कुठे जाणवलं?' असं विचारावं. सोय अशी की मराठीत भावना शरीरात राहतात. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, काळजात चर्र होतं, घशाशी आवंढा येतो, जीव टांगणीला लागतो, डोक्यात तिडीक जाते. या यादीत तिडीक सर्वांत वरची. ती बाहेर सगळ्यांना दिसते. तिच्या खाली जवळजवळ नेहमी धस्स किंवा चर्र सापडतं. 'तिडीक जायच्या आधी, अगदी अर्धा सेकंद, काय झालं होतं?' हा प्रश्न पहिल्या दहा बैठकांत किती वेळा विचारावा लागतो याची गणती नाही.

'मला भीती वाटली' हे वाक्य मराठी पुरुषाच्या तोंडून सहजासहजी येत नाही. 'टेन्शन येतं' हे मात्र येतं. ते टाकून द्यायचं नाही, तेच दार. 'टेन्शन छातीत येतं की पोटात? नेमकं कधी? तिने हाक मारल्यावर की मारायच्या आधीच?' असं करत टेन्शनच्या मागे जाता येतं. एरवी मराठीत बोलणारी माणसं ऐन वेळी 'आय फेल्ट नेग्लेक्टेड' असं म्हणतात तेव्हा सावध व्हावं. इंग्रजीत गेलेली भावना हातमोजे घालून आलेली असते. तेच वाक्य मराठीत म्हणायला सांगितलं की माणूस थांबतो, आवाज बदलतो, आणि 'मला कोणी विचारतच नाही' असं काहीतरी साधं, ओलं वाक्य बाहेर येतं.

समुपदेशकाचं स्वतःचं बोलणं कसं असावं यालाही नियम आहेत. हळू, खालच्या पट्टीत, लहान वाक्यांत, चित्र उभं राहील असं, आणि त्यांचेच शब्द पुन्हा पुन्हा वापरून. 'तुम्ही दारात. कानावर पडतं, आजपण. आणि पोटात गोळा. नापास. मग बाथरूमचं दार.' एवढंच. 'तुम्हाला अपुरेपणाची भावना येते' असं म्हटलं की तो मान डोलावतो आणि पुन्हा डोक्यात निघून जातो.

रुसवा आणि अबोला या शब्दांमध्ये आपली भाषा जो भेद करते तो बोल्बींना आवडला असता. १९५० च्या दशकात त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी इस्पितळात आईवडिलांपासून दूर ठेवलेल्या लहान मुलांचं निरीक्षण केलं होतं. मुलं आधी आकांत करत, मग खचून गप्प होत, आणि शेवटी तुटक होत. आई भेटायला आली तरी तिच्याकडे लक्ष नाही. परिचारिका म्हणत, 'रुळला आता.' रुसवा हा पहिल्या टप्प्यातला आकांत आहे. रुसलेला माणूस कोपऱ्यात बसतो, पण मनधरणी करायला कोणी येतंय का याकडे त्याचा एक कान असतो. अबोला लांबला की तो कान बंद होतो. भांडणाऱ्या जोडप्यापेक्षा 'आमची भांडणं आता होत नाहीत' म्हणणाऱ्या जोडप्याची काळजी जास्त वाटते ती यामुळे. बैठकीत ती ओरडत असेल तर ती अजून ठोठावतेय. तिचा आवाज सपाट झाला असेल, ती त्याच्याबद्दल शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलत असेल, तर वेळ कमी आहे.

मग गप्प बसणाऱ्याला आधी का घ्यायचं?

एक कारण असं की तो शांत नसतो. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये बांधलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. साधारण एक वर्षाचं मूल, आई आणि एक अनोळखी बाई, आठ छोटे प्रसंग, मिळून वीसेक मिनिटं. आई दोनदा बाहेर जाते, दोनदा परत येते. पाहायचं असतं ते मुख्यतः तिच्या परत येण्यावर मूल काय करतं. काही मुलं आई आली तरी खेळण्याकडेच बघत राहत. पाहणाऱ्याला वाटे, किती स्वतंत्र मूल. १९७७ मध्ये स्राउफ आणि वॉटर्स या संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले. वरून शांत, आत ठोके वाढलेले. बाथरूमचं दार लावून बसलेल्या नवऱ्याचंही तेच असतं. बाहेर ती म्हणते, 'दगड आहे नुसता.' करोनाच्या काळात आणलेला ऑक्सिमीटर अजून घरात कुठेतरी पडलेला असतो. भांडणाच्या वेळी दोघांनी तो बोटाला लावून बघावा. नाडी १०० च्या वर गेली की माणूस ऐकण्याच्या अवस्थेत राहत नाही, असं जोडप्यांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या सिअ‍ॅटलमधल्या अभ्यासांवरून मानतात. तिथून खाली यायला निदान वीस मिनिटं लागतात, तीही मनात भांडण घोळवलं नाही तर. पुष्कळदा त्याचा आकडा तिच्याइतकाच किंवा जास्त निघतो. तिच्या दृष्टीने ही बातमीच असते.

या वीस मिनिटांची एक अट आहे. जाताना परतण्याची वेळ सांगायची. 'मी गच्चीवर जातो, सव्वादहाला येतो, मग बोलू.' नुसतं उठून गेलं तर त्याच्यासाठी ती विश्रांती, पण तिच्यासाठी तेच जुनं सोडून जाणं. आणि सव्वादहाला त्यानेच यायचं. तिने बोलवायला जायचं नाही.

दुसरं कारण सरळ आहे. तिला मऊ व्हायला सांगणं म्हणजे ठोठावणं थांबवून दारासमोर हात पसरून उभं राहायला सांगणं. दार बंद असताना ती ते का करेल? दहा वर्षांचा अनुभव तिला सांगतो की आवाज उतरवला तर कोणी बघतसुद्धा नाही. म्हणून दाराआड कोणीतरी आहे, आणि ते उघडणार आहे, याची खात्री तिला आधी हवी. नवशिक्या समुपदेशकाची नेहमीची चूक हीच. चक्र ओळखण्याच्या पहिल्या टप्प्यानंतर भांडणं निवळतात, ती रडायला लागलेली असते, आणि मोह होतो की आता तिच्याकडून 'मला तुझी गरज आहे' हे वाक्य वदवून घ्यावं. ती म्हणते. तो गोंधळतो, खुर्चीत मागे सरकतो, 'हो, बरोबर आहे' म्हणतो. तिला पुन्हा मिटून जायला तेवढं पुरेसं होतं. पुढची भेट रद्द होते.

त्याला बाहेर आणायला साधारण चार ते सहा बैठका लागतात. सुरुवात शब्दांपासून. 'काही नाही', 'बरं', 'तसं नाहीये' ही त्याची तीन ठाणी. प्रत्येकावर थांबायचं. 'आत्ता तुम्ही "काही नाही" म्हणालात. ते म्हणताना आत काय गुंडाळून ठेवलंत?' बऱ्याचदा खाली येतं ते असं: 'मी बोललो की वाढतं. म्हणून गप्प बसतो. ते वाढू नये म्हणूनच.' हे खरं असतं. त्याच्या दृष्टीने अबोला म्हणजे नात्याचं संरक्षण. हे तिने कधी ऐकलेलं नसतं.

मग समोरासमोर बोलणं. इथे मराठी घरातली एक खास जागा येते. नवऱ्याला 'अहो' म्हणणारी बाई समुपदेशकाशी बोलताना त्याला 'हे' म्हणते, तोही तिला 'ही' म्हणतो. 'ह्यांना काही सांगायची सोय नाही.' 'हिला कळतच नाही.' दोघं शेजारी बसलेले असतात आणि बोलणं तिसऱ्याशी चाललेलं असतं. 'हिला' वरून 'तुला' वर येणं म्हणजे या टप्प्याचं निम्मं काम. 'हे तिच्याकडे वळून सांगाल? पूर्ण नाही, एवढंच वाक्य: तुझा आवाज ऐकला की मला नापास झाल्यासारखं वाटतं.' तो म्हणतो, 'तिला माहितीये.' 'माहीत असेल. तरी सांगून बघा.' खुर्ची वळते. 'तुझा आवाज...' आणि तो थांबतो. त्या थांबण्यात समुपदेशकाने तोंड उघडायचं नाही. तीस सेकंद फार मोठी वाटतात, वाटू द्यावीत.

आणि नेमकं याच वेळी बिघडतं. त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं की तिच्याकडून हमखास येतं: "आत्ता सांगतोयस? बारा वर्षं कुठे होतास?" हा राग खरा आहे, पण तो त्याच्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचला तर दार पुन्हा लागतं. म्हणून समुपदेशकाने मध्ये हात घालून तो झेलायचा. 'थांबा. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर आल्यावर विश्वासच बसत नाहीये, असं होतंय का?' ती बहुधा रडते. त्याला सांगायचं, 'ती तुम्हाला नाकारत नाहीये. तिचे कान अजून सरावलेले नाहीत.' मग त्याला पुन्हा वाक्यावर आणायचं. ही झेलाझेल जमली नाही तर सगळी प्रक्रिया लंगडी होते, आणि पुस्तक वाचून ती जमत नाही.

त्याने शेवटी मागायलाही शिकायचं असतं. नुसतं दुखणं सांगून थांबलं तर ते कबुलीजबाब होतं. 'मला तुझ्याजवळ यायचंय, पण दारात परीक्षा नको. आधी बसू दे. मी येईन.' यात आग्रह आहे, हद्दही आहे. हे तो सरळ आवाजात, तिच्याकडे बघून म्हणाला की तो बाहेर आला असं समजायचं. 'सॉरी, माझं चुकलं' हे वाक्य मात्र बाहेर येणं नव्हे. पटकन म्हटलेलं 'माझं चुकलं' हे बाथरूमचं दुसरं दार असतं.

आपल्याकडे यात आणखी एक खुर्ची असते, ती रिकामी दिसते एवढंच. आई. जेवायच्या टेबलावर आई सुनेला काही बोलते आणि तो ताटाकडे बघतो. तो दोन्हीकडून ठोठावला जाणारा माणूस असतो आणि दोन्हीकडे गप्प. पहिल्या सात-आठ बैठकांत 'आईचं करायचं काय' याचा निर्णय घ्यायचा नाही. वेगळं राहणं, महिन्यातून किती रविवार, पैसे, यांतलं काहीच ठरवायचं नाही. त्या वेळी ठरवलेलं वेळापत्रक तिसऱ्या रविवारी मोडतं. तेव्हा एवढंच विचारायचं, 'ताटाकडे बघताना आत काय होतं?' छोट्या घरातली भांडणं कुजबुजीत होतात, कारण हॉलमध्ये माणसं झोपलेली असतात. कुजबुजीतलं भांडण संपत नाही, विझतं फक्त. अशा जोडप्यांनी बोलायची जागा आधीच ठरवून घ्यावी लागते. सोसायटीच्या पार्किंगमधली उभी स्कूटर ही पुष्कळांची खरी बैठकीची खोली असते.

तिची पाळी नंतर येते आणि ती अवघड असते. तिला राग सोडून त्याखालची धास्ती दाखवायची असते, तीही ज्याने इतकी वर्षं दुखावलं त्यालाच. इथे ती अचानक मागे हटते, विषय बदलते, मुलाच्या दहावीचं बोलायला लागते. ढकलायचं नाही. 'आता आवाज न चढवता मागितलं आणि त्याने पाहिलंच नाही तर?' ही भीतीच मोठ्याने बोलून दाखवायला लावायची, त्याच्यासमोर. मग हळूहळू वाक्य येतं: 'मला दिवसभर एकटं वाटतं. तू आलास की आधी माझ्याकडे बघ.' आणि हे ऐकायला समोर आता तो असतो. तो पुढे सरकतो, हात धरतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन यांनी २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांवर केलेला प्रयोग इथे आठवतो. मेंदूचं स्कॅन चालू असताना विजेचा झटका बसेल अशी धास्ती होती. नवऱ्याचा हात हातात असताना धोक्याला प्रतिसाद देणारे मेंदूचे भाग सर्वांत शांत राहिले, अनोळखी हाताने त्याहून कमी फरक पडला. ज्यांचं नातं चांगलं होतं त्यांच्यात हा परिणाम अधिक दिसला. नुसता हात पुरत नाही, हे त्यातलं लक्षात ठेवण्यासारखं.

काही वेळा ती इथे येऊन अडतेच. खाली एखादा जुना प्रसंग असतो. बाळंतपणात तो आला नाही. तिचे बाबा गेले त्या रात्री तो मीटिंगमध्ये होता. गर्भपात झाला आणि घरात कोणी विषयच काढला नाही. जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशा जखमांसाठी वेगळी वाट मांडली. ज्या क्षणी सर्वांत जास्त आधार हवा होता त्या क्षणी सोडून दिल्याची ही जखम असते. पंधरा वर्षांनीही ती 'तेव्हा' म्हणत नाही, वर्तमानकाळात बोलते: 'मी लेबर रूममध्ये आहे आणि हे फोन उचलत नाहीत.' उपाय क्रमाने होतो. ती प्रसंग सांगते, त्यातली वेदना सांगते. तो स्पष्टीकरण न देता ऐकतो. हे फार कठीण, कारण त्याच्याकडे खरं कारण असतं. 'रजा नाकारली होती' हे खरं असलं तरी त्या वेळी बोलायचं नाही. तो तिचं दुखणं आपल्या चेहऱ्यावर दिसू देतो, आपला वाटा कबूल करतो. मग ती त्या रात्री जे हवं होतं ते आत्ता मागते. तो देतो. एका बैठकीत होत नाही.

त्यानंतरचा टप्पा पटकन जातो. पैसे, रविवार, आई, मोबाइल हे सगळे विषय परत येतात आणि आश्चर्यकारक वेगाने सुटतात, किंवा सुटत नाहीत पण छळत नाहीत. ज्या तंट्यावर आठ वर्षं गेली तो पंधरा मिनिटांत मिटतो. एक घरगुती नियम मात्र बहुतेकांना उपयोगी पडतो. घरी परतल्यावर पहिलं मिनिट कामाचं नाही. चार्जर, दूध, गॅस, नंतर. आधी नजर. एन्सवर्थ परत येण्याकडे बघत होत्या, साडेनऊचं दारही तेच आहे.

या पद्धतीला साधारण ८ ते २० बैठका लागतात असं लिहिलेलं आढळतं, जुन्या जखमा असतील तर जास्त. १९९९ च्या आढाव्यात ७० ते ७३ टक्के जोडपी अडचणीतून बाहेर पडल्याची नोंद आहे. ते अभ्यास थोड्या जोडप्यांवरचे आणि उत्तर अमेरिकेतले, म्हणजे एकाच स्वयंपाकघरात सासू नसलेले. आकडा तेवढ्या मिठासकट घ्यावा.

जुनं चक्र परत येतं. दिवाळीचे पाहुणे, कोणाचं आजारपण, नोकरी जाणं, एवढं पुरतं. म्हणून तीन महिन्यांनी एक भेट ठेवतात, प्रश्नावली पुन्हा भरून घेतात. मात्र भांडणं किती झाली हे विचारण्यात अर्थ नसतो. विचारायचं ते एवढंच की शेवटच्या भांडणानंतर पहिलं वाक्य किती वेळाने आणि कोणी टाकलं. पहिल्या भेटीत या प्रश्नाला उत्तर ती देते: 'चार दिवसांनी. मीच, नेहमीप्रमाणे.' आता ती उत्तर देत नाही, त्याच्याकडे बघते. आणि तो म्हणतो, 'त्याच रात्री. मी उठून ओट्याशी गेलो.'